तणाचे पीक

जी वनस्पती शेतकरी आषाढ-श्रावणात खुरप्याने उपटून बांधावर फेकतो, तीच त्याने पुढील हंगामात बी विकत आणून, वाफे करून, निगराणीने वाढवावी, असा सल्ला गेली दोन-अडीच दशके आपल्याकडील शेतकऱ्यास सरकारी पत्रकांतून, कृषिप्रदर्शनांतून आणि खरेदीची हमी देत गावोगाव हिंडणाऱ्या दलालांच्या तोंडून वारंवार ऐकावयास मिळत आहे. हा सल्ला वरवर दिसतो तितका विपरीत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० साली स्थापन झाले. त्या मंडळाने करविलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत व्यापारात असलेल्या वनस्पतींची संख्या ११७८ भरली, आणि त्यांपैकी वर्षाला शंभर टनांहून अधिक खप असलेल्या ज्या २४२ वनस्पती निघाल्या, त्यांतील बहुतेकींचा पुरवठा अद्याप रानावनातूनच होतो असे दिसून आले. रान आटत आहे, मागणी वाढत आहे, सबब लागवड केली पाहिजे, असा हा सरळ हिशेब आहे. त्यात एकच दुवा गळालेला आहे. तण उगवण्यास कोणाचा पैसा खर्च होत नाही, पीक उगवण्यास होतो. बाजारातला काटा मात्र दोहोंस एकाच भावाने तोलतो. या प्रश्नाचा विचार सर्व वनस्पतींबाबत सरसकट करण्यापेक्षा, भुईआवळ्यासारखे एक अगदी सामान्य, कोणाच्याही परसात उगवणारे उदाहरण मध्यवर्ती धरून करणे अधिक फलदायी होईल.

भुईआवळा दीड-दोन फुटांपलीकडे वाढत नाही. बारीक फांदीच्या दोन्ही अंगांस ओळीने लागलेली लहान पाने पाहिली म्हणजे आवळ्याच्या पाल्याची आठवण होते, आणि फांदी उलटी करून धरली म्हणजे पानांच्या बगलेत मोहरीहून थोडी मोठी हिरवी फळे रांगेने लोंबताना दिसतात. दिवस मावळला की पाने मिटतात. इतक्या खुणा पुरेशा आहेत असे वाटून गोळा करणारा हात पुढे करतो, आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. या वर्णनात बसणाऱ्या वनस्पती एकाहून अधिक आहेत. लिनीअसने १७५३ साली 'फायलँथस निरुरी' हे नाव ज्या वनस्पतीस दिले, ती अमेरिकेतली. हुकरच्या 'फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया'ने तेच नाव आपल्याकडील भुईआवळ्यास लावले आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे वैद्यकाच्या व वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांतून ते निमूटपणे चालत राहिले. १९८५ साली मित्रा व जैन यांनी या गोंधळाची छाननी केली, तेव्हा हुकरच्या त्या एका नावाखाली भारतातील तीन निरनिराळ्या जाती नांदत होत्या, असे निष्पन्न झाले: अमारस, फ्रॅटर्नस आणि डेबिलिस. औषधासाठी आज जिची मागणी होते ती मुख्यत्वे अमारस. तिच्या फुलास पाच दले असतात, फ्रॅटर्नसच्या फुलास सहा. आणि हे फूल इतके सूक्ष्म, की दले मोजावयाची तर भिंग हाती असावे लागते. पाठीवर पोर आणि कमरेला कोयती अशा स्थितीत बांधावरून भारा बांधणाऱ्या बाईकडून कोणी ही मोजणी अपेक्षावी, हे न्याय्य नव्हे. दक्षिण भारतातील काष्ठौषधींच्या दुकानांतून नमुने घेऊन तपासणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे तीन-चतुर्थांश दुकानांतला माल प्राधान्याने अमारसचाच आढळला, हे खरे म्हणजे त्या अशिक्षित हातांच्या जाणतेपणाचे प्रशस्तिपत्र आहे; पण उरलेल्या चतुर्थांशात पाच इतर जाती निघाल्या, आणि ज्या द्रव्यासाठी मोठा कारखानदार माल घेतो, ते फायलँथिन फ्रॅटर्नसमध्ये नसल्यातच जमा असते.

जाता जाता एक कोडे नमूद करण्याजोगे आहे. चरकसंहितेत तामलकीची गणना कासहर आणि श्वासहर अशा दोन्ही गणांत केलेली असून च्यवनप्राशाच्या घटकांतही ती आहे. परंपरेने तामलकी म्हणजे भूम्यामलकी, म्हणजे आपला भुईआवळा. या कुलाचे मोठे अभ्यासक ग्रॅडी वेब्स्टर यांचे मत मात्र असे, की अमारस ही जात मुळात अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातली असून नंतर जगभर पसरली. हे मत ग्राह्य धरल्यास चरकाची तामलकी कोणती, हा प्रश्न पुन्हा मोकळा होतो. आणि खोकल्यादम्यावरची ही वनस्पती लोकव्यवहारात काविळीवरची म्हणून केव्हा आणि कशी प्रसिद्धीस आली, याचाही उलगडा करावा लागतो. वैद्यांनी व वनस्पतिज्ञांनी एकत्र बसून हा विषय निकालात काढावा. शेतकऱ्यास तूर्त इतकेच पुरे, की त्याने पेरावयाचे बी कोणत्या जातीचे आहे हे त्याला नक्की ठाऊक असावे.

भुईआवळ्याच्या आधुनिक कीर्तीचा उगम मद्रासेत आहे. यकृतदाहाच्या 'बी' विषाणूचा शोध लावून १९७६ सालच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी झालेले बारूक ब्लुम्बर्ग आणि मद्रासचे त्यागराजन यांच्या गटाने १९८८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषाणू शरीरात बाळगणाऱ्या माणसांना तीस दिवस, दिवसातून तीन वेळा, २०० मिलिग्रॅम भुईआवळ्याची भुकटी दिली असता ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. निष्क्रिय भुकटी घेणाऱ्या २३ जणांपैकी ती केवळ एकाच्या रक्तातून गेली. या आकड्यांनी खळबळ उडाली हे उघड आहे. परंतु अन्यत्र झालेल्या पुढील चाचण्यांत हा परिणाम त्या प्रमाणात पुन्हा प्रत्ययास आला नाही, आणि २०११ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यानेही, उपलब्ध पुराव्यावरून या वनस्पतीची उपयुक्तता निश्चितपणे मानता येत नाही, असाच निर्णय दिला. जात वेगळी असेल, भूमी वेगळी असेल, काढणीचा काळ वेगळा असेल, अशी कारणे सुचविली गेली. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचे मर्म त्या कारणांतच आहे: ज्या मालाची जात, स्थळ व काढणीची तिथी ठाऊक नाही, त्यावर केलेल्या प्रयोगाचे यशही सांगता येत नाही आणि अपयशही. काविळीवर भुईआवळ्याचा रस देण्याचा जो गावठी प्रघात आहे, त्याचे श्रेय ठरविताना हेही ध्यानात घेतले पाहिजे, की दूषित पाण्याने होणारी कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते. रस देणाऱ्याकडे मात्र यश जमा होते. तथापि व्यापार शास्त्राच्या निर्णयासाठी थांबत नाही. यकृताच्या गोळ्या आणि अर्क यांचा खप देशात मोठा आहे, त्यांपैकी अनेकांच्या वेष्टनावर या वनस्पतीचे नाव छापलेले असते, आणि मागणी आहे ती या वेष्टनाची.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने भुईआवळ्याचे 'नव्यकृत' आणि 'जीवन' असे निवडक वाण काढलेले आहेत, तेव्हा बी मिळतच नाही अशी आता तक्रार राहिलेली नाही. बी इतके बारीक असते, की वाळूत मिसळून टाकल्याशिवाय ते सारखे पडत नाही, आणि मातीच्या जाड थराखाली गाडले गेल्यास उगवत नाही. म्हणून रोहिणीच्या सुमारास वाफ्यांत रोपे करून पाऊस स्थिरावल्यावर ती दाट अंतराने लावावी, अशी पद्धत सांगितली जाते. रोपे तगली म्हणजे पीक स्वतःच्या अंगच्या चिवटपणावर वाढते. त्याला फारशी खते नकोत, कीटकनाशकाची फवारणी तर मुळीच नको. अडते ते निंदणीशी. हरळी, लव्हाळा आणि दुधी यांच्या गर्दीतून एका तणाला वाचवून इतर तणे काढावयाची, त्यातही फ्रॅटर्नससारखे त्याचे भाऊबंद ओळखून वगळावयाचे, हे काम करणाऱ्या बायकांना प्रथम ते समजावून सांगावे लागते, आणि जन्मभर जे उपटले तेच राखण्याची आज्ञा ऐकून त्यांना आधी हसू येते. भात-सोयाबीनच्या ऐन निंदणीच्या दिवसांत मजूर मिळविणे आधीच दुर्घट. तेथे या हलक्या पिकासाठी मजुरीचा दर वाढवून देणे म्हणजे नफ्याचा पहिला हप्ता शेतातच वाटून टाकणे होय.

काढणीचा प्रसंग याहून नाजूक आहे. गुणकारी द्रव्य प्रामुख्याने पानांत असते, देठाकाडीत ते अत्यल्प. फळे पक्व झाली की तडकून बी दूर उडते आणि पाने पिवळी पडून गळू लागतात. म्हणून हिरवेपणा पूर्ण आहे तोवर, म्हणजे लावणीपासून साधारण तीन महिन्यांच्या आत, पीक काढले पाहिजे. आपल्या पावसाचा हिशेब केला तर ही वेळ भाद्रपदात येते. परतीचा पाऊस तोंडावर असतो, हवेत ओल असते, आणि उन्हात वाळविले तर रंग उडतो, ढिगात ठेवले तर माल तापून काळा पडतो. सावलीत, पातळ पसरून, दिवसातून अनेकदा हलक्या हाताने परतून तो वाळवावा लागतो, आणि परतताना कोरडी झालेली पाने काडीपासून सुटून खालच्या ताडपत्रीवर भुग्यासारखी जमा होतात. हा भुगा हाच खरा माल. पण गावातला व्यापारी येतो, मूठभर काड्या हातात चुरगाळून ओल अजमावतो, खालचा भुगा 'कचरा' म्हणून बाजूस सारतो, आणि काड्यांचे गाठोडे काट्यावर ठेवतो. मुळांना चिकटलेली माती त्याला तितकीशी खुपत नाही. तिचे वजन तो पुढच्या व्यापाऱ्याकडून वसूल करणार असतो. ज्या शेतकऱ्याने पाने जपण्यासाठी मेहनत केली, त्याचे गाठोडे हलके भरते, आणि ज्याने पाने गळू दिली पण मुळासकट उपटले, त्याचे जड. लागवडीच्या पत्रकांत हे प्रकरण सहसा येत नाही.

यावरून भावाचा प्रश्न सहज हाती येतो. रानातून गोळा केलेल्या मालाची किंमत कशावर ठरते? ठाणे, पालघर, रायगडच्या पट्ट्यांत कातकरी आणि ठाकर कुटुंबे पावसाळ्यात, शेतमजुरीच्या कामांतून मोकळीक मिळेल तेव्हा, अशा वनस्पती गोळा करतात. त्यांना जमिनीचा खंड नाही, बी नाही, निंदणी नाही, केवळ चालण्याचे आणि वाकण्याचे कष्ट आहेत. त्या दिवसाची दुसरी मजुरी जेवढी मिळाली असती तेवढ्यावर, किंबहुना पुष्कळदा त्याहूनही कमी रकमेवर, हा माल खालच्या व्यापाऱ्याच्या हाती पडतो, आणि तेथून तालुक्याच्या पेठेत, पुढे मुंबई-पुण्याच्या काष्ठौषधी बाजारात व दिल्लीच्या खारी बावलीपर्यंत तो फिरतो. जोवर ही वनस्पती बांधावर मुबलक आहे, तोवर गोळा करणाऱ्याची मजुरी हीच तिच्या भावाची कमाल मर्यादा असते, आणि शेतकऱ्याचा उत्पादनखर्च या मर्यादेच्या पलीकडे सुरू होतो. उलट बाजूही तितकीच विचारार्ह आहे. लागवड खरोखरच यशस्वी झाली आणि कारखानदाराने बांधावरच्या मालाकडे पाठ फिरविली, तर पहिला घाव बसेल तो भूमिहीन कुटुंबाच्या त्या चार पैशांवर. औषधी लागवडीचे समर्थक निसर्गसंरक्षणाची भाषा बोलतात, आणि दुर्मिळ मुळ्यांच्या बाबतीत ती यथार्थही आहे. परंतु जी वनस्पती दरवर्षी बीजातून नव्याने उगवते आणि जिच्यावर शेतकरी स्वतःच कुऱ्हाड धरतो, तिच्या संरक्षणासाठी तिची शेती करावी हा युक्तिवाद टिकत नाही.

हे सर्व भुईआवळ्यापुरतेच नाही, हे पाहण्यासाठी अन्य वनस्पतींच्या इतिहासाकडे नजर टाकणे उपयुक्त होईल. सर्पगंधेचे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव प्रसिद्ध केले, १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्या मुळांतून रेसर्पिन वेगळे काढले, आणि काही वर्षांतच भारतीय रानांतील ही मुळे इतक्या झपाट्याने खणली जाऊ लागली, की सरकारला निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. येथे रानातला साठा खरोखर आटला, मुळासाठी अख्खे झाड मरते, आणि मुळे पुरेशी वाढण्यास दीड-दोन वर्षे लागतात. म्हणजे लागवडीस आर्थिक आधार निर्माण झाला. तोही आफ्रिकेतील दुसऱ्या एका सर्पगंधेतून रेसर्पिन मिळू लागल्यावर बराच ढासळला.

सफेद मुसळीची कथा महाराष्ट्रास अधिक जवळची आणि अधिक क्लेशदायक आहे. १९५५ साली फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी मुंबईच्या बोरिवलीवरून या वनस्पतीस बोरिविलिॲनम असे नाव दिले. तिच्याच कुळातल्या वनस्पतींची कोवळी पाने आदिवासी स्त्रिया पावसाळ्याच्या आरंभी फोडशीची भाजी म्हणून बाजारात विकतात. शतकाच्या वळणावर खानदेशात आणि पश्चिम विदर्भात या मुळीच्या लागवडीची लाट आली. त्या लाटेचे खरे इंधन औषधाची मागणी हे नव्हतेच. वाळलेली मुळी औषधवाल्यास विकण्याऐवजी ओल्या मुळ्या बेणे म्हणून पुढल्या शेतकऱ्यास कितीतरी चढ्या भावाने विकता येत होत्या. खरेदीच्या हमीचे कागद हातोहात फिरले, काहींनी दागिने मोडले, काहींनी कर्ज काढले. आणि नवे शेतकरी मिळणे थांबताच बेण्याचा भाव कोसळला. उरला तो माल सोलून, वाळवून औषधाच्या बाजारात आणावयाचा, तर ओल्या मालाचा फार थोडा अंश वाळून उरतो, आणि सोलण्याची मजुरीच पदरचा भाव खाऊन टाकते. हमीच्या कागदावरील पत्त्यांवर पुढे कोणी सापडले नाही, अशा हकिकती त्या भागात आजही ऐकावयास मिळतात. शेतकऱ्याने धडा घेतला. खेदाची गोष्ट ही, की पुढच्या दलालानेही घेतला, आणि कोरफड, स्टेव्हिया अशी नावे बदलत तोच कागद पुन्हा छापला गेला.

यशाची उदाहरणे शोधावयाची तर मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि उत्तर गुजरातेत उंझ्याकडे जावे लागते. अश्वगंधा नीमच-मंदसौरच्या हलक्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या पिकते; शेतातली मुळी रानातल्या मुळीहून ठळकपणे वेगळी, पिठूळ आणि सहज मोडणारी असून नीमचच्या मंडीत लांबी-जाडीप्रमाणे तिची प्रतवारी होते आणि प्रतीगणिक भाव बदलतो. रानातली झुडपे उपटून आणणारा तेथे स्पर्धेत उतरूच शकत नाही. उंझ्याकडील इसबगोल तर रानात मुबलक म्हणून नाहीच. तिच्या भुशीची प्रत तिच्या फुगण्यावरून आणि स्वच्छतेवरून पारखली जाते, तिला परदेशी गिऱ्हाईक ठरलेले आहे, आणि काढणीच्या वेळी एक पाऊस पडला की पीक हातचे जाते हे ठाऊक असूनही शेतकरी ते सोडत नाही. दोन्ही ठिकाणी सामाईक काय आहे? बाजार गुणास पाहतो, केवळ वजनास नव्हे. आणि शेतातील मालाशी झुंजणारा फुकटचा माल नाही.

भुईआवळ्याच्या बाबतीत दुसरी अट पूर्ण होणार नाही. पहिली करता येण्यासारखी आहे. कारखानदारापाशी पृथक्करणाची साधने असतातच, आणि फायलँथिनचे प्रमाण काढणे आज दुष्कर नाही. हे प्रमाण भावाशी जोडणारा करार झाला, ओलाव्याची मर्यादा आगाऊ लिहिली गेली आणि पानांचा भुगा वेगळ्या दराने घेतला गेला, तर निर्मळ, एकजात, फवारणीमुक्त मालास अर्थ येईल. कापसाच्या शेतातून उपटलेल्या तणावर काय काय फवारलेले असते, याची जाणीव असलेल्या खरेदीदारास तर तो अर्थ सांगावाही लागू नये. पण असा करार करणारे थोडे आहेत, आणि जे करतात ते एका शेतकऱ्याच्या वीस गुंठ्यांसाठी दरवाजा उघडत नाहीत. त्यांना टनांनी माल हवा असतो.

येथे कायद्याचा एक नवा पैलू येतो, ज्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यान्वये जैविक संपत्तीच्या व्यापारी वापराबद्दल लाभाचा वाटा देण्याचे बंधन आहे. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीच्या औषधी वनस्पतींना त्यातून सूट मिळाली, पण मालाच्या उगमाचा दाखला मिळविण्याची अट घातली गेली. आता बांधावरचा भुईआवळा आणि वाफ्यातला भुईआवळा एकदा वाळल्यावर ब्रह्मदेवालाही वेगळा ओळखता येणार नाही. ओळखणार तो कागद. म्हणजे सातबाऱ्यावरील पीकपाहणीत ज्याच्या नावे भुईआवळ्याची नोंद आहे, त्याच्या नोंदीस मालाहून अधिक किंमत येण्याचा संभव आहे. एका एकराच्या नोंदीवर दहा एकरांचा गोळा केलेला माल पास करून घेण्याचा मोह व्यापाऱ्यास झाल्यास नवल नाही, आणि त्या व्यवहारात सही शेतकऱ्याची असेल. ही नोंद करविताना क्षेत्र नेमके लिहिले जाते की नाही, आणि दाखल्यावरील वजन त्या क्षेत्राच्या उत्पन्नाशी जुळते की नाही, हे शेतकऱ्याने स्वतः पाहिले पाहिजे. पीकपाहणीत या पिकाचा रकाना शोधण्यातच कधी कधी हंगाम सरतो, ही गोष्ट वेगळी.

माझ्या मते सलग शेतात भुईआवळा लावण्याचे धाडस तूर्त कोणी करू नये. आंबा-काजूच्या नव्या बागेत झाडे लहान असताना मधल्या जागेत, किंवा फळबागेच्या अर्धसावलीत, जेथे जमिनीचा भार मुख्य पिकावर आहे आणि निंदणी तशीही करावीच लागते, तेथे तो परवडू शकेल. आणि ज्यांनी तो आजवर गोळा केला, त्या कातकरी-ठाकरांच्याच गटांनी बी टाकण्यापासून वाळविण्यापर्यंतचे काम हाती घेतले, तर जाती ओळखण्याचे त्यांचे कसब आणि लागवडीचा शिस्तशीर माल यांची सांगड बसेल. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी गुळवेलीच्या बाबतीत थेट औषधकारखान्यांना माल पुरविण्याचा जो उद्योग उभारला, त्याने या दिशेचा एक मार्ग दाखविला आहे. त्यासाठी सरकारी अनुदान बियाण्यावर खर्च करण्यापेक्षा, चार-पाच गावांना मिळून एक हवेशीर, पत्र्याच्या छपराची वाळवणशेड, त्यात पातळ जाळ्यांचे मांडव आणि ओलावा मोजण्याचे एक यंत्र दिले जावे. भाद्रपदातल्या सतत पडणाऱ्या पावसात पीक काढल्यावर ते ठेवावयाचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर अनुदान-योजनांच्या नमुन्यांत सहसा ठळकपणे विचारलेले नसते, आणि शेतकऱ्याला ते उत्तर काढणीच्या पहिल्या संध्याकाळीच द्यावे लागते.